खलाची मेल पोचली!

आमच्या उद्यमबागेतल्या, कारखान्यांच्या वसाहतीतल्या ऑफिसात चहाचे कप साचतात तसे किस्से साचतात. कप मी धुऊन ठेवतो, किस्से मात्र तसेच पडून असतात. आज सांगूनच टाकतो!

मी आप्पा. ऑफिस उघडतो, चहा करतो. शाळा बघितली न्हाय, पण बस चुकू नये म्हणून पाट्या वाचत वाचत अक्षरं जोडायला शिकलो. ऑफिस रोहिणीचं, कॉम्प्युटरच्या कामाचं. खानापूरकडच्या शेतकरी घरातली पोर, पुण्याची नोकरी सोडून आलेली. तिच्या हाताखाली निपाणीचा नेमू. जवळच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीचे मालक अण्णा म्हणालेले, "ऑर्डरच्या मेल सोमवारपर्यंत नीट दिसल्या तर काम तुमचं. न्हायतर पुण्याच्या पार्टीला देतो." रोहिणीचं हे पहिलंच मोठं काम. गेलं तर ऑफिसला कुलूप!

काम काय, तर अण्णांच्या वेबसाइटवरचं ऑर्डरचं पान प्रोग्राममध्येच तयार करायचं आणि त्याचं एचटीएमएल मेलात घालून गिऱ्हाइकाला धाडायचं. नेमू त्याला 'रेंडर' म्हणतो. मी म्हणतो, पंगतीतलं ताट डब्यात भरून द्यायचं!

* * *

पहिली मेल माझ्या मोबाईलवर आली. ऑफिसात सगळ्यात जुना मोबाईल माझाच, म्हणून रोहिणीनं नियमच केलता: आप्पाला वाचता आलं तर पास!

टेस्टला खोटी ऑर्डर पाहिजे होती. नेमूनं विचारलं, "आप्पा, काय मागवू तुमच्या नावानं?"

मी तेव्हा चहाचं आलं वाटीच्या बुडानं ठेचत होतो. म्हटलं, "खलबत्ता मागव रं, लोखंडी."

त्यानं लिहिलं, 'खल, एक नग.'

"आणि बत्ता?"

"टेस्टला एक ओळ लई झाली, आप्पा!"

* * *

तर ती मेल. कॉम्प्युटरवर निळी पट्टी, चौकटी, सगळं झकास. माझ्या मोबाईलवर रंग न्हाय, चौकट न्हाय, अक्षरं एकावर एक पडलेली!

रोहिणीनं कपाळाला हात लावला. "नेमू, रंगरूपाची फाईल वेगळी ठेवलीस. मेल गेली, फाईल हितंच राहिली!"

मी म्हटलं, "लग्नाला जाताना कपडे अंगात घालून निघायचं रं. पेटी मागनं येईल म्हणून उघडं जायचं न्हाय."

नेमूनं दिवसभर बसून एकेका ओळीच्या अंगावर तिचा रंग चढवला. दिसली की मेल!

* * *

मग रोहिणीनं ती अण्णांना दाखवायला धाडली. गडबडीत अख्खं पानच रेंडर झालेलं. वर मेनू, कोपऱ्यात 'लॉगआउट'चं बटण!

अण्णांचा फोन आला. "रोहिणी, हे बाहेर जायचं बटण कशाला गं? मी अजून आत कुठं आलोय?"

रोहिणी हसली, पण फोन ठेवल्यावर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तीन दिवस राहिलेले.

* * *

दुसऱ्या दिवशी 'ऑर्डर पक्की करा' हे बटण आलं. नेमूनं त्याच्या कॉम्प्युटरवर दाबलं. चाललं! मी मोबाईलवर दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्म!

रोहिणीनं बघितलं, तर बटणात पत्ता नेमूच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरचा! ती म्हणाली,

"व्हय रं नेमू, गिऱ्हाइकांना काय कळवायचं? बटण दाबायला तुझ्या टेबलाजवळ या म्हणून?"

नेमूनं पत्ता बदलला. बदलून मेल सोडली, ती एकदा न्हाय, चाळीस वेळा! माझा मोबाईल खिशात थरथरतोय. घरी आमची म्हातारी म्हणाली, "अहो, कोण एवढं बोलावतंय?"

म्हटलं, "कोण न्हाय गं. एका खलासाठी चाळीसदा नमस्कार आलाय."

* * *

सोमवारच्या आदल्या दिवशी मेल माझ्या मोबाईलवर उघडली. मी बोट ठेवून वाचली. "नमस्कार आप्पा. आपली ऑर्डर, खल, एक नग." रंग जाग्यावर, बटण जाग्यावर.

"पास!" मी ओरडलो. नेमू उठून नाचला, "आयतु, आयतु!" कानडीत, 'झालं, झालं!'

रोहिणीनं तीच मेल अण्णांना धाडली. अण्णांकडनं फोन न्हाय, निरोप न्हाय. सोमवार उजाडला. रोहिणी चहा घेईना, नेमू सारखा मेलच उघडून बघतोय. मी आपला आलं ठेचत बसलो.

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. खुद्द अण्णा! दोन्ही हातांत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. धाडदिशी टेबलावर ठेवलं, पोतं सोडलं. काळाकुळकुळीत लोखंडी खल!

"बटण चालतंय का बघायला दाबलं," अण्णा म्हणाले. "ऑर्डर थेट कारखान्यात गेली. फोरमननं मेल बघितली, साचा केला, ओतला बी. खरं का खोटं, कुणी विचारलं सुद्धा न्हाय!"

रोहिणी उभी राहिली. म्हणाली, "म्हंजे अण्णा... काम?"

अण्णा काही बोलायच्या आधीच मी खलात हात घालून बघितला. आत काहीच न्हाय. पोतं झटकलं. त्यातबी काही न्हाय.

"अण्णा, बत्ता?"

अण्णांनी खुर्ची ओढली, बसले, आणि रोहिणीकडं बघून म्हणाले, "बत्त्याची मेल कुठं आलीया? उद्यापासनं सगळ्या गिऱ्हाइकांच्या मेल तुम्हीच धाडायच्या. पहिली ह्यांच्या बत्त्याची!"