मी सामान बघते

आमच्या घरात नायगारा हे एक काम होतं. भारतातून कोणी आलं, मग ती आत्या असो, बाबांचे कॉलेजातले मित्र असोत की त्या मित्रांचे व्याही, पहिल्या शनिवारी त्यांना नायगारा दाखवायचाच. मी आठवीत असताना आम्ही नागपूरहून कॅनडात आलो, आणि तेव्हापासून एकही उन्हाळा ही प्रथा चुकली नाही. बाबा गाडी चालवायचे आणि वाटेत धबधब्याची उंची, पाण्याचा वेग, वीज किती तयार होते, सगळं पाठ म्हणून दाखवायचे. आई पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करायची. पार्किंग लॉटमध्ये पोचलो की पाहुण्यांचे कोट, पर्सेस, कूलर आणि कोणाचं तरी झोपलेलं बाळ तिच्या हवाली व्हायचं. वॉशरूम कुठे आहे, तेही जो तो तिलाच विचारायचा. ती म्हणायची, "तुम्ही जाऊन या. मी सामान बघते."

मला याचा संताप यायचा. खरं तर तेव्हा मला सगळ्याचाच संताप यायचा. मी ग्वेल्फला शिकत होते, पर्यावरणाच्या एका गटात होते, आणि विद्यापीठाच्या आवारात फोल्डिंग टेबल लावून पत्रकं वाटत होते. पत्रक लिहायची एक शिस्त असते. पहिल्या वाक्याने माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्यात दोषी कोण ते सांगायचं, आणि शेवटी त्याने काय करायचं ते एका ओळीत, आज्ञा दिल्यासारखं. त्या हिवाळ्यात माझं नवं पत्रक जवळजवळ तयार होतं. विषय आफ्रिकेतल्या सफारींचा. माणसं हाकलून केलेली जंगलं, आणि ती बघायला विमानाने जाणारे आपण. शेवटची ओळ होती, "जाऊ नका."

त्याच हिवाळ्यात आई हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाली. मी मिल्टनला घरी गेले त्या रविवारी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मला युगांडाला जायचंय."

लॅबमधल्या तिच्या युगांडाच्या मैत्रिणीने एकदा तिला कॅलेंडर दिलं होतं. त्यातलं एक पान कापून आईने फ्रिजवर लावलं होतं. एका राष्ट्रीय उद्यानात अख्खी नाईल नदी आपल्या दोन गाड्यांच्या गॅरेजएवढ्या फटीतून खाली कोसळते, त्याचा फोटो. मी तो रोज फ्रिजमधून दूध घेताना बघितला होता, म्हणजे बघितलाच नव्हता.

"पाणीच बघायचं ना?" बाबा म्हणाले. "इथून तासाभरावर आहे."

"ते तुमचं पाणी आहे," आई म्हणाली. "मी फक्त पार्किंग बघितलंय."

मी तिला माझ्या पत्रकातलं सगळं ऐकवलं. विमानाचा धूर, हाकललेली गावं. तिने शांतपणे पोळी उलटली. "मग तू तिकडे जाऊन भांड. पण मला घेऊन जा." मग म्हणाली की पुढच्या हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. ते कसं होईल देव जाणे. त्याआधी तिला त्या धबधब्याच्या माथ्यावर एकदा स्वतःच्या पायांनी जायचं होतं.

जुलैमध्ये गेलो. बाबा आले नाहीत. मी पत्रकाचा कच्चा मसुदा बॅगेत घेतला, पुरावे गोळा करायला.

उद्यानात पहिल्याच सकाळी जिराफ दिसले. ते गवतातून इतके सावकाश चालत होते की मी माझा राग काही मिनिटं विसरले आणि मग त्याचाही मला राग आला. दुपारी बोटीने नदीतून वर निघालो. काठावर हत्ती, वाळूवर तोंड उघडून पडलेल्या मगरी, आणि पाण्यात पाणघोड्यांचे कळप, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून.

"यांचं बरं आहे," आई म्हणाली. "कोणी ऊठ म्हणत नाही."

आमच्याबरोबर उद्यानाची एक रेंजर होती, माझ्याच वयाची, खाकी गणवेशातली. मी तिला प्राण्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मी विचारलं, इथे पूर्वी माणसं राहायची, ती कुठे गेली? कोणी हलवली? आता त्यांना काय मिळतं? ती उत्तरं देत होती आणि मी वहीत लिहीत होते. बोट धबधब्याखाली एका खडकाळ काठाला लागली. तिथून चढायची पायवाट होती, पाऊण तासाची. ज्यांना चढायचं नव्हतं ते बोटीतून परत जाणार होते, आणि चढणाऱ्यांना घ्यायला गाडी माथ्यावर येणार होती. गाडीने थेट माथ्यावरही जाता येत होतं, पण आईने आदल्या दिवशीच नाही म्हटलं होतं. "पार्किंग लॉटपासून धबधबा मी पुष्कळ बघितलाय."

चढण सुरू झाली. दुसरा एक वाटाड्या पुढच्या लोकांना घेऊन गेला होता. मी रेंजरच्या मागे, माझी वही उघडीच.

"माझी आजी याच काठावर जन्मली," ती म्हणाली. "गोऱ्या साहेबांनी इथल्या लोकांना हलवलं. ते चूकच होतं. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. बाकी सगळे सिंहांबद्दलच विचारतात."

"मी हे छापणार आहे," मी म्हटलं. "लोकांनी येऊ नये म्हणून."

ती थांबली. "आणि ते आले नाहीत तर मी काय करू? गेटच्या पैशातून आमच्या गावाला वाटा मिळतो. तो कमी आहे. तो वाढवा म्हणून छापा ना. मला हाकलायला तुम्ही दुसऱ्यांदा कशाला येता?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, टेबलावर शंभरदा दिलेलं. मी तोंड उघडलं.

"एक मिनिट," ती माझ्यामागे बघत म्हणाली. "तुमच्या आई कुठे आहेत?"

मी मागे वळले. वाटेवर कोणी नव्हतं. मग आठवलं. बोटीतून उतरताना कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं, आणि सवयीने मी "हो" म्हटलं होतं. तुम्ही जाऊन या. मी सामान बघते.

मी खाली धावले. इतकी धावले की वही कुठेतरी पडली. बोटीचं इंजिन सुरू झालं होतं. आई बाकावर बसली होती, मांडीवर आमच्या दोन बॅगा, आणि वर एका जर्मन जोडप्याचा कॅमेऱ्याचा डबा.

"आई, उतर."

"अगं, सामान आहे."

"राहू दे सामान."

"त्या दोघांचा कॅमेरा आहे. त्यांना सांगितलंय मी."

"तू कशाला आलीयेस इथे?" माझा आवाज चढला. बोटीतले सगळे बघायला लागले. "माझ्या बॅगा सांभाळायला?"

तिने तिन्ही वस्तू नावाड्याच्या हातात दिल्या आणि आपल्या ठसक्यात इंग्रजीत सूचना केली की निळ्या बॅगेत औषधं आहेत, ती उन्हात ठेवायची नाहीत. नावाडी "येस मॅडम" म्हणाला. रेंजरही माझ्यामागून खाली आली होती. तिने आईला हात देऊन उतरवलं आणि एक काठी शोधून दिली.

पाऊण तासाची वाट आम्ही दोन तासांत चढलो. आई दर वळणावर बसायची. रेंजरने तिला एकदाही "अजून थोडंच" असं खोटं सांगितलं नाही. एका ठिकाणी आई म्हणाली, आता नाही होत, आणि आम्ही तिघी बसून राहिलो. मग तीच उठली.

माथ्यावर जमीन पायाखाली थरथरत होती. फोटोतली ती फट खरोखर आमच्या गॅरेजएवढीच होती. आई कठड्याला धरून उभी राहिली. तुषारांनी तिचा चष्मा पांढरा झाला तरी तिने तो पुसला नाही. म्हणाली, "नायगारापेक्षा लहान आहे."

"हो."

"पण इथे मला कोणी वॉशरूम कुठे आहे ते विचारलं नाही."

परत आल्यावर मी पत्रक नव्याने लिहिलं. पहिली दोन वाक्यं तशीच ठेवली, कारण ती खरी होती. शेवटची ओळ बदलली: "गेलात तर विचारा, गावाचा वाटा किती, आणि तो वाढवायला भाग पाडा." गटातला एक जण म्हणाला, ओळ फार लांब झाली. झाली तर झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या उन्हाळ्यात नागपूरहून आत्या आली आणि पहिल्या शनिवारी आम्ही नायगाराला गेलो. पुऱ्या या वेळी बाबांनी आणि मी केल्या, फुगल्या नाहीत. पार्किंग लॉटमध्ये आईने डिकी लावली आणि सरळ चालायला लागली.

"अगं, सामान?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला सगळं पाठ आहे. तुम्ही बसा."

कठड्यापाशी आत्याने तिला कोपर मारलं. "वहिनी, इथे वॉशरूम कुठे आहे गं?"

आईला तिथली प्रत्येक वॉशरूम ठाऊक होती. तिने पाण्यावरची नजर हलवली नाही.

"काय माहीत," ती म्हणाली. "मीही बघायलाच आलेय."