लेकीची वैनी

माझ्या लेकीने मला पहिली हाक मारली ती वहिनी म्हणून. हे सांगितलं की बायका हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, कारण तेवढ्यावर थांबलं तर गोष्ट हसण्यासारखीच आहे.

शेलूबाजारपासून थोडं आत आमचं गाव. घरची भाजीची वाडी. मेथी, वांगी, आणि आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात तो सांभार. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाई, नवरा आणि धाकटा दीर एवढेच होते. सासरे आधीच गेले होते. मग लेक झाली.

आमच्याकडे जुन्या घरांत अजून एक रीत आहे. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं मूल उचलून घ्यायचं नाही, लाडाने बोलायचंही नाही. नवऱ्याला ही रीत तोंडपाठ. सासूबाई ओसरीवर असल्या की हा माणूस लेक शेजाऱ्यांची असल्यासारखा तिच्याजवळून निघून जायचा. त्या देवळात गेल्या की दाराआड नेऊन तिचे पटापट मुके घ्यायचा. मी म्हणायचे, चोरी करून राह्यले काय? तर कान लाल करून वाडीत पळायचा. दिराला मात्र असली काही आडकाठी नव्हती. काकाने पुतणी कितीही मिरवावी. त्यामुळे लेक वाढली ती त्याच्या खांद्यावर.

आणि दीर म्हणजे तोंडाचा पट्टा. फाटकातून पाय आत पडायच्या आधी त्याची हाक घरात यायची, "वैनीऽऽ". चहा पाहिजे, वैनी. भाजीवर टाकायचं पोतं ओलं करून ठेवा, वैनी. बाजारातून गोड बोरं आणली, वैनी. दोघे भाऊ त्यांच्या आईला माय म्हणत. सासूबाई मला पोरी म्हणत. नवरा तर मला काहीच म्हणत नसे, खाकरला की मी समजायचं. आता सांगा, त्या घरात पोरीच्या कानावर दुसरा कोणता शब्द पडणार होता?

मला मात्र आई ऐकायचं होतं. माहेरी आम्ही आईच म्हणायचो. लेकीला दूध पाजताना, न्हाऊ घालताना मी एकच पाठ घ्यायचे, म्हण, आई. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि बोट माझ्या ओठांत घालायची.

एका सकाळी मी मेथीच्या वाफ्यात बसले होते. दीर तिला खांद्यावर घेऊन वांग्याच्या सऱ्यांतून फिरवत होता. मी उभी राहिले तशी तिने दोन्ही हात माझ्याकडे केले आणि खणखणीत ओरडली, "ऐनी!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दीर आधी चकित झाला आणि मग तिला घेऊन वाफ्यातच नाचायला लागला. "वैनी, पोरीनं हुकूम सोडला! आता तुमाले दोघायचा चहा करा लागते!"

मी धावत जाऊन तिला घेतलं. आनंद किती झाला म्हणून सांगू. ती बोलली होती आणि मला बोलली होती. पण त्या आनंदात एक कुसळ होतं, ते रात्रीपर्यंत टोचत राहिलं. नवऱ्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "घरोघरी मातीच्या चुली. आमी नाही का, आमच्या काकूले जिंदगीभर बाईच म्हणत आलो?"

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी स्वयंपाकघरात नेऊन आई शिकवायची, ती बाहेर येऊन काकाच्या सुरात वैनी म्हणायची. तसाच शेवटी ओढलेला सूर. दीर तिला मुद्दाम चढवायचा, मी लटक्या रागाने त्याच्यावर ओलं पोतं उगारायची. कधी कधी राग लटका नसायचाही. माझ्या हक्काचा शब्द या माणसाने अडवून धरला आहे, असं मला खरंच वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मोटर पाणी उचलेना म्हणून दीर विहिरीवर पाहायला गेला. आदल्या दिवशीच भिजवलं होतं, पायाखाली सगळी ओल. मोटरच्या लोखंडी पेटीत करंट उतरला होता. जाताना चहा मांडून ठेवायला सांगून गेला होता आणि मी मांडला होता. शेजारच्या वावरातला गडी धावत आला तेव्हा चहा चुलीवर उकळत होता.

त्या दिवसांचं मी फार लिहीत नाही. लिहिता येत नाही. दिराची तेरवी झाली, माणसं पांगली आणि घर एकदम बंद पडल्यासारखं झालं. सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसायच्या. ताट पुढे ठेवलं की बोटं बुडवायच्या आणि सरकवून द्यायच्या. रडायच्यासुद्धा नाहीत. संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधायला सगळे बसायचो, पण तिथेही कुणी शब्द काढायचं नाही.

बोलायची ती एक लेकच. तिला काय कळत होतं? दारातून आत येताना ती काकासारखीच हाक द्यायची, "वैनीऽऽ". पहिल्यांदा ती तशी म्हणाली तेव्हा सासूबाईंनी मान वर केली. फाटकाकडे पाहिलं. मग लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "आजून एक डाव म्हण वं माय."

लेक म्हणाली. मी आतून ओ दिली. सासूबाईंनी त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली.

मग तो नेमच झाला. जेवायच्या वेळी त्या पोरीला गूळ देऊन हाक मारायला लावायच्या, मी आतून ओ द्यायची, आणि मग त्यांचा घास उतरायचा. मी दाराआड उभी राहून ओ देत होते ती कुणाला देत होते, देव जाणे. लेकीला आई शिकवणं मी बंद केलं. तिने चुकून आई म्हटलं असतं तर मीच तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

नवऱ्याचं उलटं. ती हाक आली की तो ताटावरून उठायचा. वाडीत जाऊन विनाकारण कुदळ मारत राहायचा. एकदा मला गोठ्यामागे गाठून म्हणाला, "तिले आई म्हनाले शिकव. माह्याच्यानं आता आयकनं होत नाही."

मी म्हटलं, "आन् मायले काय सांगू? माय त्याच्यावर तर जेवून राह्यली."

दोघांचंही खरं होतं. माझ्या एका ओ वर एक जगत होती आणि एक तुटत होता, आणि मी मधे, खिंडीत सापडलेली. माझ्या मनाचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मीही काय सांगणार होते? मला आई ऐकायचं होतं आणि ऐकायची भीतीही वाटत होती.

लेक अंगणवाडीत जायला लागली. तिथे पोरं आपापल्या आयांना हाका मारत धावतात, ते तिने पाहिलं असणार. कुणी चिडवलं असेल, किंवा तिथल्या ताईने समजावलं असेल. मी विचारलं नाही.

त्या दुपारी सासूबाई आणि मी ओसरीवर सांभाराच्या जुड्या बांधत होतो. शेजारणीने पोरीला फाटकाशी सोडलं. फाटक वाजलं तशी सासूबाईंनी सवयीने मान वर केली, चेहऱ्यावर ती वाट पाहणारी कळा आली.

"आई!" लेक म्हणाली.

स्पष्ट, गोल, मी शिकवायचं सोडलेला शब्द. मला आनंद झाला, लपवत नाही. छाती भरून आली, जिच्यासाठी एवढे दिवस कान आसुसले होते ती हाक आली होती. आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी सासूबाईंकडे पाहतच राहिले. त्या अजून फाटकाकडे बघत होत्या, हाक यायची बाकी असल्यासारख्या.

"आई!" लेक पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज रडवेला झाला. आपण काही चुकीचं बोललो असं तिला वाटलं असावं, ती फाटकातच थबकली.

सासूबाईंनी मान खाली घातली. हातातल्या जुडीला गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओ दे ना वं पोरी. लेक कवाची आवाज देऊन राह्यली."

मी ओ दिली. लेक धावत येऊन मांडीवर चढली आणि माझ्या कानाशी तोच शब्द घोकत राहिली. त्या दुपारनंतर मला वैनी म्हणणारं या घरात कुणी उरलं नाही.