मी सांगितलं होतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, दादाला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून. तुमच्या चांगल्या मताची मला गरज नाही.

रियाधपासून दोन तासांवरचं हे शेत एका म्हाताऱ्यानं वाळूत बोअर मारून उभं केलं. तोच आमचा कफील — व्हिसा देणारा मालक. पण त्या वाळूत पहिला घास पिकवला तो माझ्या थोरल्या भावानं. आपला लसूणघास — इथं त्याला बरसीम म्हणतात. दादाला शेतीतलं सगळं कळायचं, आणि मला काही कळत नाही हे तो चारचौघांत ऐकवायचा. अरबी मात्र त्याला कधी आलं नाही. त्याच्या वतीनं मीच बोलायचो. खरं सांगू? मला त्याचा रागच होता.

ओल्या घासात सोडली की मेंढरं पोट फुगून मरतात. दादानं बजावलं होतं — फवारे बंद झाले की घास सुकू दे, मग सोड. मी ओल्यातच सोडली. कंटाळा आला होता, आणि त्याचं ऐकायचं नव्हतं. दुपारपर्यंत निम्मा कळप आडवा झाला.

म्हाताऱ्यानं आम्हा दोघांना समोर उभं केलं. अरबीत विचारलं, मेंढरं ओल्या बरसीममध्ये घालायला कुणी सांगितलं? मी दादाकडे वळून एवढंच म्हटलं, "तू सांगितलं होतंस का, विचारतायत."

"मी सांगितलं होतं की," दादा म्हणाला.

तेच मी अरबीत सांगितलं. शब्दाला शब्द — त्यात खोटं काय होतं? दादा शेजारी मान हलवत होता.

आठवड्याभरात त्याला कायमचं घरी धाडलं. त्याच्या जागी मी लागलो. मी त्याच्यासाठी म्हाताऱ्याशी भांडलो, असं तो गावात अजून सांगतो. त्याचा हा भाबडेपणाही मला सहन होत नाही.

म्हातारा आता नाही. त्याची नात घराण्याचा इतिहास लिहितेय — पहिली विहीर, पहिलं पीक, पहिला कळप. परवा तिनं मला विचारलं, कळप मारणाऱ्या त्या हिंदुस्थानी माणसाचं नाव काय? आठवत नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. मी पूर्ण नाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

लिहिता लिहिता ती थांबली. आडनाव तुमचंच दिसतंय, म्हणाली, नात्यातला होता का?

मी म्हटलं, आमच्याकडे हे आडनाव पुष्कळांचं असतं.