निवड झाल्यावर आलेला फोन

"ही मगदूम कोण?" मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"सँड लॅबसाठी निवडलेली मुलगी, सर. कबनूरची. ऑफर लेटर टाइप होतंय."

"थांबवा ते. तिचा फोन आलाय."

आमच्या धंद्यात 'तिचा फोन आलाय' म्हणजे तिनं फोन केला असं नव्हे. तिच्यासाठी कुणीतरी वजनदार माणसानं शब्द टाकला, असा त्याचा अर्थ. मी कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एचआर बघते. माणसं घ्यायची, सांभाळायची आणि नको असलेल्यांना गोड शब्दांत नको म्हणायचं, हे माझं काम. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून गाड्यांचे भाग करतात. वाळूत पाणी जास्त झालं की कास्टिंगला आतून भोकं पडतात आणि माल भंगारात जातो. म्हणून वाळू रोज तपासायला लॅब असते. तिथली एक जागा रिकामी होती.

दीपाली मगदूम त्या जागेसाठी आदल्या दिवशी इंटरव्ह्यूला आली होती. मेटलर्जीचा डिप्लोमा, साधा ड्रेस, आवाज खणखणीत. पॅनेलवर मी, लॅबचे इनचार्ज आणि प्रॉडक्शन मॅनेजर. जिथं उत्तर येत नव्हतं तिथं तिनं सरळ "माहीत नाही" म्हटलं. एवढे दोन शब्द म्हणणं लोकांना किती जड जातं, ते टेबलाच्या आमच्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. लॅब इनचार्ज कुणाचं कौतुक करायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. ती बाहेर गेल्यावर म्हणाले, "हिला घेऊन टाका. उगाच घोळ घालू नका."

जाताना मी तिला सहज विचारलं, रोज कबनूरहून जमेल का? तेव्हा ती मोकळेपणानं बोलली. घरात थोरल्या चुलत्यांचं चालतं. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर त्यांनी बघून ठेवलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं ठरलेलं. याआधी तीन-चार ठिकाणांहून नकार आलेला. "अण्णा माझ्या बाजूला आहेत," ती म्हणाली, "पण घरात ते एकटेच." अण्णा म्हणजे तिचे वडील. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतात. लेकीला मोटरसायकलवरून घेऊन आले होते आणि गेटबाहेर झाडाखाली थांबले होते.

आता मालक म्हणत होते, थांबवा.

"सर, निवड काल झाली. फोन आज आला. त्या फोनचा आणि निवडीचा काय संबंध?"

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. फोन करणाऱ्याला काय माहीत? उद्या तो गावभर सांगणार, पोरगी मी लावली. परवा आणखी पाच जण पाठवणार. मागचं विसरलात व्हय?"

विसरले नव्हते. पूर्वी एका पुढाऱ्याच्या शब्दावर एक जण घेतला होता. सेफ्टी शूज घाल म्हणून सुपरवायझरनं त्याला दटावलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवर दोन जीपा उभ्या. सुपरवायझर बिचारा नोकरी सोडून गेला. तेव्हापासून मालकांनी कानाला खडा लावला. फोनवाला माणूस घ्यायचा नाही. मग तो कितीही हुशार असो.

"यात त्या मुलीचा काय दोष?"

"काही नाही," मालक म्हणाले. "पण मला कारखाना चालवायचाय."

मी बरीच भांडले. काही दिवस थांबून घेऊ म्हटलं, तेही त्यांना पटलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही हे कळत होतं म्हणून जास्तच आला. संध्याकाळपर्यंत पॅनेलच्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेली आणि दीपालीला रिग्रेट मेल.

रिग्रेट मेल म्हणजे नकाराचं गोड पत्र. 'आपली पात्रता आमच्या सध्याच्या गरजेशी जुळत नाही.' सगळ्यांना हेच वाक्य जातं. आतलं कारण काहीही असतं. कधी जागाच रद्द झालेली असते, कधी साहेबांना आधीपासून दुसराच कुणी हवा असतो. उमेदवार मात्र घरी बसून आपलं इंग्रजी आठवत राहतो.

दीपालीचा फोन लगेच आला.

"म्याडम, मी कुठं चुकलो तेवढं सांगा. परत न्हाई चुकणार."

आमच्याकडच्या मुली घरात स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. इंटरव्ह्यूत तिनं ते कटाक्षानं टाळलं होतं. आता ते भान राहिलं नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही. इंटरव्ह्यू उत्तम झाला होता."

"मग घेतलं का न्हाई? इंग्लिशमुळं का? माहीत न्हाई म्हटलं, त्यामुळं?"

"नाही गं."

"सगळेच असं म्हणत्यात," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नाकारल्याचं कारण उमेदवाराला सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी मला त्या नियमाची लाज वाटली.

दोन-तीन दिवसांनी सिक्युरिटीनं कळवलं, एक पावणं आलेत, भेटल्याशिवाय जात नाहीत. मी गेटवरच्या केबिनमध्ये गेले. अण्णा उभे होते. भांडायला आले असतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी हात जोडले.

"म्याडम, आमच्याकडच्या पुढारी सायबांचा फोन आलता की न्हाय, एवढंच इचारायचं हुतं."

"आला होता."

"मग कमी पडला व्हय?" त्यांचा चेहरा पडला. "दीपी घरी आली ती नाचतच. म्हणली, अण्णा, इंटरव्ह्यू लई चांगला झाला. आमच्या कारखान्यात सगळी म्हणली, इंटरव्ह्यू नुसता नावाला असतोय, आत आधीच ठरलेलं असतंय. वर कुणाचा तरी शब्द पायजे. म्हटलं, पोरीनं तिचं काम केलं, आता बापानं करावं. सायबांच्या दारात जाऊन बसलो. असू दे. आता पुण्याच्या एका कंपनीनं बोलवलंय तिला. तिथं मोठ्याच माणसाकडनं सांगतो."

मी गप्प बसले असते तर नियम पाळला गेला असता आणि पुण्यातही तोच घोळ झाला असता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

"अण्णा, कुणाकडंही जाऊ नका. तुमच्या मुलीची निवड झाली होती. तिच्या स्वतःच्या हिमतीवर. फोन आला म्हणून ती रद्द झाली."

त्यांना ते पटकन समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे… लागलीवती?"

"लागली होती."

"मी गेलो नसतो तर?"

ते जमिनीकडं बघत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, पोरीला एवढं कळू देऊ नका. पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला.

"तिला सांगा. लागलीवती म्हणून सांगा. बापानं घालवली हे बी सांगा. पोरगी आरशाम्होरं उभी ऱ्हाऊन सोताला नावं ठेवत्या, म्हणत्या मलाच काय येत न्हाई. माझ्यावर रागावली तर रागावू दे. माझ्या तोंडानं हुयाचं न्हाई."

मी सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. मग तिनं विचारलं, "अण्णा तिथंच हाईत?"

"हो. समोर बसलेत."

"त्यांना आधी काहीतरी खायला घाला म्याडम. सकाळी न जेवताच गेल्यात."

मी कॅन्टीनमधून पोहे मागवले. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला ठेवली. डोळे पुसायला त्यांच्याकडं रुमालही नव्हता. मी सिक्युरिटीवर उगाचच ओरडले, पंखा का लावला नाही म्हणून.

दीपाली पुण्याला गेली. तिथं कुणाचाच फोन गेला नव्हता. तरी तिची निवड झाली नाही. का, ते तिथल्या एचआरला माहीत. दिवाळी आली आणि गेली. लग्नाची पत्रिका द्यायला अण्णा स्वतः आले. "जावई चांगला हाय," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता चहा प्याले.

इंटरव्ह्यूनंतर काय करावं, असं मुलं मला नेहमी विचारतात. मी सांगते, घरी जावं. कुणी विचारलं तर "बघू" म्हणावं. फार चांगला झाला, असं सांगू नये. आपल्यावर जीव टाकणारी माणसं असतात, ती मग स्वस्थ बसत नाहीत.