कूलरच्या लाईनीतली चौथी जागा

पेचकस, म्हणजे साधा स्क्रू-ड्रायव्हर, निवडायला डोक्याचा भुगा करून घ्यावा लागतो, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला हसून वाटेला लावलं असतं. पेचकस तो पेचकस. आमच्या शेडमध्ये ते भिंतीच्या खिळ्यांना टांगलेले असायचे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. पण त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला असताना मी अमरावतीहून अकोल्याला खेपा घालत होते. दर खेपेला स्क्रू फिरवायची एक नवी मशीन हातात धरून बघायची अन् आधीपेक्षा जास्त गोंधळून परत यायचं. कोणती घ्यावी ते कळत नव्हतं, अन् का कळत नाही तेही कळत नव्हतं.

आमचं काम कूलरचं. अमरावतीच्या एमआयडीसीत एक शेड आहे, ती आमच्या यांनी अन् चाचांनी मिळून उभी केली. चाचा म्हणजे यांचे जुने जोडीदार, वयानं मोठे. पत्र्याचं काम त्यांचं, मोटर-पंप यांचा. मी गवताच्या ताट्या भरायची, हिशेब बघायची अन् सगळ्यांच्या मागे लागायची. काम करायची पद्धत अशी की माणूस पोतं अंथरून बसला की एक अख्खा कूलर करूनच उठायचा. कोणता कूलर कोणाच्या हातचा ते लांबून ओळखू यायचं. यांचा कूलर आवाज करत नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, अन् हे ऐकून न ऐकल्यासारखं करत मिशीत हसायचे.

दिवाळीनंतर यांना लकव्याचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, बोलण्यासोबत खवचटपणाही परत आला. उजवा हात तेवढा आला नाही. त्यातही पहिलं बोट. त्याला वाक म्हटलं की ते आधी विचार करायचं. डॉक्टर म्हणाले, हाताला कामात ठेवा. पण हे समोरच्या खोलीत बसून पेपरची घडी करायचे, उघडायचे, पुन्हा करायचे. मला त्या घडीची धास्ती बसली होती. माणूस असाच बसून राहिला तर बसूनच संपतो, हे मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. उन्हाळ्याच्या आत यांना शेडमध्ये परत न्यायचं, यांच्याच कामावर, एवढं एकच माझ्या मनात होतं.

नेमकी त्याच वर्षी शेड बदलायची वेळ आली. परतवाड्याचे, शेंदूरजनाघाटचे दुकानदार आता पत्र्याचा कूलर घ्यायला तयार नव्हते. त्यांना फायबर बॉडी पाहिजे होती, भरपूर पाहिजे होती अन् वेळेवर पाहिजे होती. आदल्या वर्षी आम्ही वेळेवर देऊ शकलो नव्हतो, ते दुसरीकडे गेले होते. आमची मुलगी पुण्याला एका कारखान्यात नोकरी करते. तिनं व्हिडिओवर सगळं समजावलं.

"आई, एकानं एक कूलर करायचा हे बंद कर. माणूस जागेवर बसेल आणि कूलर पुढे सरकेल. टेबलाला रोलर लाव. आणि एक लक्षात ठेव, लाईन सगळ्यात हळू जागेच्या वेगानं चालते."

तिचं ते पुणेरी 'आणि' ऐकलं की मला आपलीच पोरगी परकी वाटते, पण म्हणणं पटलं. चौथी जागा पंख्यासमोरच्या जाळीची होती. चार स्क्रू लावायचे, बसल्या जागी, वजन उचलायचं नाही. मी ती जागा मनातल्या मनात यांच्या नावानं करून टाकली. लाईन सगळ्यात हळू जागेच्या वेगानं चालते हे डोक्यात, अन् चौथी जागा यांची हेही डोक्यात. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी राहिल्या अन् एकमेकींशी भांडल्या नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

अकोल्याच्या दुकानातला पोरगा सज्जन होता. स्क्रू केवढा, फायबरची जाडी किती, दिवसभरात किती लावायचे, सगळं विचारायचा. हवेवर चालणारी मशीन हलकी, पण तिला कॉम्प्रेसर पाहिजे. विजेवरची जरा जड, पण शांत. फायबरमध्ये जोर जास्त झाला की भोकातले आटे मरतात, मग तो स्क्रू कधीच धरत नाही, म्हणून ठरलेल्या जोराला आपोआप थांबणारी घ्या, टक असा आवाज येतो. मी मान हलवायची अन् प्रत्येक मशीन डाव्या हातात धरून बघायची. माझा डावा हात यांच्या उजव्याइतकाच अडाणी असेल, असा माझा हिशेब.

"ताई, तुम्ही डावखुऱ्या आहात का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणून टाकलं. मग तो बिचारा डावखुऱ्या माणसाला सोयीचं काय, ते काढायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "अन् बाकीचे कामगार? तेही डावखुरेच?"

बाकीच्यांचा विचार मी केलाच नव्हता. अख्ख्या लाईनीसाठी अवजारं घ्यायला आलेली बाई, अन् तिच्या डोक्यात एकच हात. "विचारून सांगते," म्हणून मी तिथून निघाले. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मुलीशी फोनवर बोलले. ती म्हणाली हवेवरची घे. शेडमध्ये चाचा म्हणाले, "भाभी, हवावाली नका घेऊ. दिवसभर कानात भोंगा वाजते, मंग घरी बायको बोललेलं आयकू येत नाई." मग जरा थांबून म्हणाले, "तसं त फायद्याचंच हाय." मला हसूही आलं अन् रडूही. सगळे मला मशीन सांगत होते, अन् मला मशीन पाहिजे नव्हती, मला यांचं बोट परत पाहिजे होतं.

शेवटी मी विजेवरची घेतली. तिला घोडा दाबावा लागत नाही, टोक स्क्रूवर टेकवून ढकललं की फिरते. म्हणजे बोटाचं काम नाही. वरून स्प्रिंगवर टांगायची, म्हणजे वजनाचं काम नाही. बाजूला एक दांडा, स्क्रू आवळताना बसणारी मुरड तो झेलतो, म्हणजे मनगटाचं काम नाही. बाकीच्या जागांना साध्या घोड्याच्या. कोणी विचारलं तर सांगायचं की फायबरचे आटे मरू नयेत म्हणून. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पहिल्या दिवशी हे स्टुलावर बसले, वर पाळण्यासारखी टांगलेली मशीन बघितली अन् म्हणाले, "हे काय वं, पायना बांधून राहिली का?" सगळे हसले. मग यांनी ती ओढली, टोक टेकवलं, ढकललं. टक. दुसरा स्क्रू. टक. यांनी माझ्याकडे पाहिलं अन् मिशीत तेच जुनं हसले. मला इतका आनंद झाला की मी उगाच एका पोराला झाडू नीट मारत नाही म्हणून झापलं.

पण बोट वगळलं तरी हात राहतोच. स्क्रू भोकावर उभा धरायला वेळ लागायचा, सुटायचा, खाली पडायचा. यांच्या मागे कूलर साचायला लागले. तिसऱ्या जागेवर मोटर-पंखा बसवणारी बाई हात बांधून बसायची, पाचव्या जागेवरची ताटी घेऊन वाट बघायची. कोणी ब्र काढत नव्हतं. मुलगी फोनवर विचारायची, "कुठे अडतंय?" मी म्हणायची, "बघते." मला काय करावं ते खरंच सुधरत नव्हतं.

अन् मग एका आठवड्यात ते साचणं बंद झालं. कूलर सरसर पुढे जायला लागले. मी मुलीला अभिमानानं सांगितलं की बाबांचा हात सुधारला. घरी मात्र यांचा शर्टाच्या बटणाशी झगडा तसाच चालू होता. हे कसं काय, म्हणून मी एक दिवस तिसऱ्या जागेपाशी उभी राहिले. ती बाई मोटर बसवायची, मग यांच्या जाळीचे तीन स्क्रू गुपचूप लावून टाकायची अन् मग कूलर पुढे ढकलायची. यांच्यासाठी एक उरायचा.

मी चाचांना बाजूला घेतलं. "हे तुमी सांगितलं तिले?"

"हो."

"काहून?"

"भाभी, तुमाले कूलर पायजे का भाई पायजे? दोन्ही पायजे, म्हनून सांगितलं."

मला राग आला होता. यांना कळलं नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. न कळायला काय झालं होतं? आयुष्य कूलरमध्ये गेलेला माणूस, समोर आलेल्या जाळीत तीन स्क्रू आधीच लागलेले आहेत हे त्याला दिसणार नाही? हे उठले ते एका सकाळी, ऐन कामात. तिसऱ्या जागेवरच्या बाईला म्हणाले, "ये बाई, बस इथं. आधीपासून माह्यं काम तूच करून राहिली, त आता आरामात कर." अन् पोतं उचलून कोपऱ्यात जाऊन बसले.

मी मागोमाग गेले. "असं काय करता? इतकं पाहून-पाहून आणली मी ती मशीन तुमच्यासाठी."

"माह्यासाठी?" हे म्हणाले. "तू त म्हने आट्यासाठी."

मी पदराला हात पुसायला लागले.

"पुण्याले इचारलं, अकोल्याले इचारलं, चाच्याले इचारलं. मले इचारलं का एकदा तरी, का हातात काय बसते म्हनून?"

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. दुकानात डावा हात पुढे करून मी यांचा हात होऊन बघत होते, अन् ज्याचा हात तो माणूस घरी पेपरची घडी करत बसला होता. त्याला सोबत न्यावं हे मला एकदाही सुचलं नाही.

त्यानंतर लाईन छान चालली. चौथ्या जागेवर ती बाई बसली, तिसरीला नवी आली, परतवाड्याच्या गाड्या वेळेवर भरल्या. अन् कोपऱ्यात हे. एक बाजू घासलेली बॉडी होती, ती यांनी पुढ्यात ओढली. एक जुना पेचकस घेतला अन् त्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून-गुंडाळून ती वांग्याएवढी जाड केली. एक मोटर, एक पंप. रोज थोडं-थोडं. रुसले म्हणावं तर जेवताना ठेचा स्वतःच वाढून घेत होते. रुसले नाहीत म्हणावं तर शेडमध्ये माझ्याकडे बघत नव्हते. बायकोला नवऱ्याच्या मनातलं कळतं म्हणतात, मला त्या दिवसांत काही म्हणता काही कळलं नाही.

एका भर दुपारी मी घरी असताना दारात ऑटो उभा राहिला, त्यातून हे अन् चाचा उतरले. ऑटोवाल्यानं अन् चाचांनी मिळून यांनी कोपऱ्यात जोडलेला तो कूलर उतरवला अन् समोरच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. चाचा पाणीसुद्धा न पिता निघून गेले. मी जवळ जाऊन बघितलं. जाळीला तीन स्क्रू होते, जरा वाकडे पण पक्के. चौथं भोक रिकामं.

यांनी खिशातून स्क्रू काढून माझ्यापुढे धरला. "एवढा लावून दे वं. लय करून पाहिलं मी. नाई जमत."

दिवाळीपासून या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागायची पाळीच मी येऊ दिली नव्हती. बटण दिसलं की लावलं, भाकरी दिसली की मोडून दिली. मी स्क्रू घेतला, तो ट्यूबचा पेचकस घेतला अन् माझ्या चांगल्या हातात तो काही केल्या बसेना. मूठ जाड, भोक तिरपं. स्क्रू दोनदा खाली पडला.

हे उठले, कपाटावरून पेचकसांचा डबा घेऊन आले अन् माझ्यापुढे धरला. "तुह्या हातात कोनता बसते, तो घे."

मला रडू आलं. भोक तिरपं पडलं म्हणून मी चिडले असं यांना वाटलं असावं. "काहून रडते? दम धर, जाते तो," असं म्हणत राहिले.

मी डब्यातला एक बारीक मुठीचा काढला अन् हळूहळू फिरवला. जाळी मागे सरकत होती, म्हणून हे वाकले. स्क्रू आत जाईपर्यंत यांनी ती दाबून धरली, उजव्या हातानं.