देव्हाऱ्यापुढचं सील

घोटावड्यात आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी आता माझं पंप दुरुस्तीचं शेड आहे. महाळुंग्याच्या सोसायट्यांचे मैलापाण्याचे पंप माझ्याकडे येतात. आयटीआयमधून फिटर होऊन मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी कामाला नाही म्हटलं नाही. फक्त नाकाला पदर लावला, आणि तो बरीच वर्षं काढला नाही.

खंडेनवमीला आमच्या देव्हाऱ्यापुढे विळे, कोयते, कुदळ, अगदी मिक्सरसुद्धा मांडला जायचा. माझे पाने मात्र शेडमध्येच. "गटारातली हत्यारं देवाफुडं न्हाई मांडायची," असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. मी तोंडाने फटकळ, पण यावर कधी भांडले नाही. भांडून करून घेतलेल्या पूजेला काय अर्थ? वाईट मात्र दरवर्षी वाटायचं. मिक्सरला मान आणि माझ्या कामाला नाही!

गेल्या खंडेनवमीच्या तोंडावर एका सोसायटीच्या पंपाचं सील गेलं. सील म्हणजे एकमेकींना घट्ट टेकून बसणाऱ्या दोन कड्या. एक जागेवर थांबते, दुसरी फिरते, आणि त्यांच्यामुळे घाण पाणी मोटरीत शिरत नाही. शहरातल्या दुकानदाराने नेहमीप्रमाणे कार्बनच्या कडीचं सील पुढे केलं. "मॅडम, सगळे हेच नेतात."

"म्हणूनच सगळे परत तुमच्याकडे येतात," मी म्हटलं.

मैलापाण्यात वाळू असते, जिकडेतिकडे बांधकाम चाललेल्या महाळुंग्यात तर जास्तच. मऊ कार्बन त्यात झिजतो. मी दोन्ही कड्या सिलिकॉन कार्बाइडच्या घेतल्या, काचेहून टणक. पण त्यांच्या आरशासारख्या तोंडांना बोटही लावायचं नसतं. मध्ये एक कण राहिला तरी गळती ठरलेली. शेडमध्ये ग्राइंडरची धूळ, म्हणून सीलची डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि घरभर बजावलं, कुणी हात लावायचा नाही.

खंडेनवमीला सकाळीच सोसायटीत जाऊन पंप वर काढला, खोलून ठेवला. जोडीचा पंप एकटाच धापा टाकत होता आणि घरोघरी पाहुणे. सील न्यायला घरी आले, तर फळीवर डबी नाही.

सील देव्हाऱ्यापुढे होतं. चकचकीत तोंडावर हळद, कुंकू, अक्षता आणि वर एक झेंडू.

"कुनी केलं ह्ये?" मी ओरडलेच. मग नजर शेजारी गेली. विळ्या-कोयत्यांच्या रांगेत शेडमध्ये राहिलेले माझे पाने होते, धुऊन पुसून, प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "मीच केलं. येवढं जपून फळीवर ठिवलंस, म्हनलं लई मोलाचं आसंल. चुकलं व्हय?"

"आत्याबाई, त्याला बोट बी लावायचं नसतंय. कण ऱ्हायला तर पंप गळंल."

त्यांनी वरचा झेंडू काढून घेतला. "पुजलेलं आज वापरायचं नसतंय खरं. पर लोकांच्या घरी पाव्हणं हायेत. उचल."

ओसरीवर बसून मी कड्या स्पिरिटने धुतल्या, उजेडात धरून पाहिल्या. एक ओरखडा नाही. आता शेवटचा हात फिरवायला मऊ कापड हवं होतं, आणि माझ्या सगळ्या चिंध्यांत लोखंडाचा कीस. सासूबाई आत गेल्या आणि एक पांढरं, मऊसूत फडकं घेऊन आल्या. मी ते ओळखलं. रोज आंघोळ घातलेले देव त्या त्यानेच पुसतात.

"अवो, ह्ये देवाचं हाय!"

"मंग? त्ये बी सकाळधरनं देवापाशीच बसलंय न्हवं? पूस."

कड्या पुसता पुसता माझेच डोळे भरून आले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

सोसायटीत जाऊन साबणाच्या पाण्याने सीलचं रबर ओलं केलं, ते मोटरीच्या दांड्यावर सरकवलं, तेल भरलं, पंप टाकीत सोडला. सील गळलं तर पाणी आधी या तेलात उतरतं, म्हणून काही आठवड्यांनी तेल काढून पाहिलं. स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही.

"गळलं न्हाई ना?" सासूबाईंनी विचारलं आणि मी सांगायच्या आधीच म्हणाल्या, "गळंल कसं! पुजलं हुतं मी."

देवांना आता नवं फडकं आहे, जुनं माझ्या हत्यारांच्या पेटीत असतं. नवीन सील आलं की सासूबाई कुंकवाचं बोट घेऊन येतात आणि विचारतात, "ह्येला कुटं लावू?" मी डबीचं झाकण पुढे करते.