युरियाची चौकशी

माझ्या आबांनी उभा जन्म सुरतेच्या डाइंग मिलमध्ये कापडाला रंग चढवला आणि शेती केली ती दिवाळीच्या सुटीत. मिलला कुलूप लागलं की सुरतेतली आमची खानदेशी वस्ती, निम्मी डिंडोली, गाडीत बसून खानदेशात उतरते आणि सुटी संपेपर्यंत जातिवंत शेतकरी होते. आबा तर त्या दिवसांत गावातल्या शेतकऱ्यांनाही शिकवायचे. ते बिचारे ऐकूनही घ्यायचे.

आमचं वावर तापीकाठी. सांभाळायचा आबांचा धाकटा भाऊ, माझा काका. एका दिवाळीत गहू पेरून झाला आणि सुटी संपली. आबांनी युरियाच्या गोण्या काकाच्या ओट्यावर रचल्या आणि हुकूम सोडला, "पयल्या पाणीलेच सगळा टाकी दे."

काका म्हणाला, थोडा थोडा टाकू. पण मिलमध्ये रंग एकदम हौदात पडतो आणि कापड मुकाट्याने धरतं, मग मातीने का नखरे करावेत? शिवाय आबांना सुरतेत बसून फोनवर "टाकला" एवढंच ऐकायचं होतं. काकाने सगळा टाकला, पाणी भरलं आणि तसं कळवलं.

गहू पिवळा पडला. आबांनी वावर न बघता निकाल दिला की काकाने युरिया विकून खाल्ला. तो फोनवर ऐकवलाही, काकू शेजारी असताना. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद आणि वावर पडीक. चुलत बहिणीच्या लग्नालाही आम्ही गेलो नाही. ज्या काकाने मला तापीत पोहायला शिकवलं, त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचं, याचा मला भयंकर संताप यायचा.

यंदा कुणीतरी आबांच्या डोक्यात माती परीक्षणाचं खूळ भरलं. माती खरं बोलेल, म्हणाले. इतक्या वर्षांपूर्वीचा युरिया साक्ष द्यायला वावरात बसून राहिला असणार, अशी त्यांची खात्री. मी चार ठिकाणी वीतभर खणलं, माती एकत्र केली, पिशवीत भरली. सुरतेला परतताना गाडीत शेजारच्या बाईंनी प्रसाद आहे का विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं.

रिपोर्ट आणायला आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नत्र कमी, हे वाचताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काका रंगेहाथ सापडला. प्रयोगशाळेतल्या गुजराती बाईंनी मात्र पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "रेताळ जमीन छे. खातर पकडी राखती नथी." अशी माती अन्नद्रव्यं धरून ठेवूच शकत नाही, एकदम टाकलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जातं, शेणखत घाला आणि युरिया हप्त्याहप्त्याने द्या, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे रंग न धरणारं कापड," आबा हळूच म्हणाले. साऱ्या जन्मात त्यांनी इतक्या हळू आवाजात काही कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला.

घरी येऊन त्यांनी काकाला फोन लावला. आता माफी मागतील म्हणून मी कान टवकारले. पण आबांनी चष्मा चढवला आणि रिपोर्ट वाचायला घेतला. सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, काहीही सोडलं नाही. धारणक्षमतेची ओळ दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुन्ही चूक नही व्हती. आते रिपोर्टमाच उनं."

फोन स्पीकरवर होता.

"दादा," काका म्हणाला, "हाऊ रिपोर्ट नही व्हता, तवय बी मी चोर नही व्हतू."